मोझार्टच्या सोन्याच्या नाण्यावर ५०च का? थोडी पार्श्वभूमी

संगीतकार मोझार्टच्या जन्माला २५० वर्षं झाली म्हणून २००६ मध्ये ऑस्ट्रियानं ५० युरोचं सोन्याचं नाणं काढलं. त्याच मालिकेत २००४ला हायडन आणि २००५ला बीथोव्हन हे संगीतकार येऊन गेले होते. आता बीथोव्हन जन्मला जर्मनीत बॉनला, आणि मोझार्ट जन्मला तेव्हा साल्झबर्गवर आर्चबिशपचं वेगळं राज्य होतं, ऑस्ट्रिया नव्हताच तिथं, पण व्हिएन्नात हा विषय काढून काही उपयोग नाही, तिथं हे तिघंही घरचेच.

व्हिएन्नाची टांकसाळ आपली सुरुवात ११९४पासून सांगते, पकडलेल्या इंग्लंडच्या राजाच्या खंडणीच्या चांदीतून वगैरे, ते नेहमीचंच. आपल्या कामाचं सुरू होतं १९२८ला, शूबर्ट या संगीतकाराच्या दोन शिलिंगच्या (शिलिंग म्हणजे युरोआधीचं ऑस्ट्रियाचं चलन) चांदीच्या नाण्यापासून. १९३१ला तसंच मोझार्टचं आलं, १९५६ला परत मोझार्ट, २५ शिलिंगचा. पण खरा धुमाकूळ १९९१चा. मृत्यूला २०० वर्षं झाली होती, मग १०० शिलिंगची चांदीची नाणी, ५०० शिलिंगचं सोन्याचं त्याच्या 'डॉन जिओव्हानी' या ऑपेरावर आणि १००० शिलिंगचं 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरावर. ५००वाल्यात ८ ग्रॅम शुद्ध सोनं, १०००वाल्यात १६. त्यात तेव्हाच्या ५००० शिलिंगच्या नोटेवरही हेच साहेब, म्हणजे खिशात मोझार्ट, तिजोरीतही मोझार्ट. मला विचाराल तर २००६च्या नाण्यापेक्षा ही ९१ची जोडी कितीतरी भारी आहे.

या नाण्यांचं सोनं ९८६चं, म्हणजे हजारात ९८६ भाग शुद्ध, युरोपातल्या डुकॅट या जुन्या सोन्याच्या नाण्याचं, बाकी तांबं. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ व्हेनिसच्या डुकॅटमध्ये, तेव्हा हे खानदान आपल्याला अगदीच परकं नाही.

आता मुख्य घोळ, दर्शनी किमतीचा, म्हणजे नाण्यावर छापलेल्या आकड्याचा. २००६च्या नाण्यात १० ग्रॅम शुद्ध सोनं आहे, नाणं निघालं तेव्हा नुसत्या सोन्याचेच ५०च्या जवळजवळ तिप्पट युरो होत होते. मग ५० कशाला छापायचे? आणि गंमत बघा, त्याच टांकसाळीचं फिलहार्मोनिक (व्हिएन्नाचा प्रसिद्ध वाद्यवृंद) नावाचं गुंतवणुकीचं नाणं आहे, १९८९पासून चालू असलेलं, त्यातलं अर्ध्या औंसवालं घ्या, त्यात साडेपंधरा ग्रॅम सोनं आणि त्याच्यावरही ५० युरोच! एकाच देशाचं, एकाच टांकसाळीचं, आकडा तोच आणि सोनं मात्र दीडपट.

तर हा आकडा किंमत सांगायला नसतोच, तो आहे कायद्यासाठी. नाणं 'कायदेशीर चलन' ठरायला त्यावर काहीतरी रक्कम लागते, आणि चलन ठरलं की टॅक्सच्या सवलतीचं दार उघडतं. युरोपियन युनियनमध्ये १९९८च्या निर्देशानुसार, जो २००० पासून लागू झाला, सोन्याच्या नाण्यावर व्हॅट लागू नये असं वाटत असेल तर अटी अशा की शुद्धता ९०० किंवा वर हवी, नाणं १८०० नंतर पाडलेलं हवं, मूळ देशात ते चलन असायला हवं किंवा कधीतरी असायला हवं होतं, आणि विक्रीची किंमत साधारणपणे आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त नको. हे सगळं जमलं की ते 'गुंतवणुकीचं सोनं'. मग मोजकीच नाणी पाडायची, प्रूफ फिनिश म्हणजे आरशासारखी चकाकी, कॅप्सूल, डबी, सर्टिफिकेट असा थाट करून संग्राहकांसाठीच काढलेलं नाणंही कायद्याच्या नजरेत संग्राहकांचं राहत नाही, ते सोन्याच्या बिस्किटाच्या पंगतीत बसतं. चांदीच्या मोझार्टला मात्र ही सवलत नाही. या सवलतीचे समर्थक म्हणतात की तिच्यामुळं साध्या माणसाला सोनं घेणं परवडतं, मला तर हा सरळसरळ विक्री वाढवायचा मार्ग वाटतो. बेकायदा त्यात काहीच नाही, पण 'मोझार्टला आदरांजली' हे जे सांगतात ना, ते जरा सांभाळूनच ऐकावं.

बरं, चलन तरी कुठलं? अशी खास नाणी फक्त काढणाऱ्या देशातच चलन असतात. २००२पासून ऑस्ट्रियाच्या साध्या १ युरोच्या नाण्यावर मोझार्ट आहे, शेजारी त्याची सही, ते लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत कुठंही चहाकॉफीला चालतं. सोन्याचा मोझार्ट घेऊन तुम्ही जर्मनीत म्युनिकला गेलात, तर तिथला दुकानदार तो ५० युरो म्हणून घ्यायला बांधील नाही, साल्झबर्गपासून ट्रेननं दीडदोन तासांच्या अंतरावर!

१९९१च्या नाण्यांचं तर अजूनच मजेशीर. शिलिंग गेलं, बदलाचा दर ठरला १ युरोला १३.७६०३ शिलिंग. त्या हिशोबानं १००० शिलिंगच्या नाण्याचे झाले ७२.६७ युरो, आत सोनं १६ ग्रॅम, त्यामुळं ते तसं बदलून घ्यायला कोण जाणार? ही नाणी सराफ आणि नाणेवाल्यांकडंच फिरतात. पूर्वी मोझार्टच्या नावाला सोन्याच्या भावाच्या वर काही प्रीमियम मिळायचा, पण सोनं जसं चढत गेलं तसा तो त्यात बुडत चाललाय, आणि बरेच डीलर आता नाणं हातात घेतलं की आधी वजनच बघतात, डबी आणि सर्टिफिकेट आहे का ते नंतर विचारतात.