अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि गुलामगिरी: भांडण नेमकं कशावरून होतं

यादवी युद्ध गुलामगिरीवरून नाही, राज्यांच्या हक्कांवरून झालं, असं आजही बरेच जण ठासून सांगतात. हक्क होताच, पण कसला, ते देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मिसिसिपीने १८६१ च्या जानेवारीत फुटताना जे जाहीर केलं त्यात सुरुवातीलाच आहे की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे.

मुळात १७९३ ला एली व्हिटनीचं जिन, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचं यंत्र, आलं, सरकी झटपट निघायला लागली आणि कापसात तुफान पैसा दिसायला लागला, मग जमीन हवी आणि राबायला माणसंही हवीत. १८६० च्या जनगणनेत जवळपास ४० लाख गुलाम होते, साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून जास्त लोक गुलाम. देश पश्चिमेला पसरत गेला तसं नव्या भागात गुलाम ठेवू द्यायचे की नाही यावरून दर वेळी वाद, नव्या भागात गुलामगिरी कुठे चालेल आणि कुठे नाही हे ठरवणारी १८२० ची मिसुरी तडजोड १८५४ मध्ये मोडली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडलं.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती केंद्र सरकारच्या १८५० च्या कायद्याची. पळून उत्तरेत आलेल्या माणसाला पकडायचं, त्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्षही देता येत नाही, आणि निवाडा करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, म्हणजे कमिशनरने, त्याला मालकाकडे परत धाडलं तर १० डॉलर फी, सोडून दिलं तर ५! उत्तरेतल्या काही राज्यांनी आपले कायदे करून याला आडकाठी केली, तर साउथ कॅरोलिनाने डिसेंबर १८६० मध्ये फुटताना नेमकी हीच तक्रार केली. म्हणजे राज्याचा हक्क उत्तरेने वापरलेला दक्षिणेला चालत नव्हता.

हेही खरं की उत्तर सुरुवातीला गुलाम सोडवायला लढत नव्हती, देश एकसंध ठेवायला लढत होती. लिंकन तर आहे तिथल्या गुलामगिरीला हात लावणार नाही म्हणत होता, फक्त नव्या प्रदेशात पसरू देणार नाही एवढंच, पण दक्षिणेला तेवढंही सहन झालं नाही. त्यांनी स्वतःची राज्यघटना केली, आणि तिच्यात मालकाला आपले गुलाम घेऊन कुठल्याही राज्यात जायची, राहायची मुभा दिली, राज्याला ती काढून घेता येणार नव्हती.