ट्रिब्युनलला जायला वकील लागतोच का?

"अपंगत्वाचा भत्ता नाकारला? सोडून द्या. ट्रिब्युनल म्हणजे वकील आणि हजारो पाउंड." ब्रिटनमधल्या पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंटबद्दलचा, म्हणजे 'पिप'बद्दलचा हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ट्रिब्युनल म्हणजे असं अपील ऐकणारं न्यायाधिकरण, आणि 'न्यायाधीश' म्हटलं की कोर्टाचा खर्च डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे भीती समजण्यासारखी आहे.

पण इंग्लंड-वेल्समध्ये या अपिलाला फी नाही आणि वकिलाची सक्तीही नाही. आधी निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात फेरविचार मागायचा. त्याचा निकालही पटला नाही, तर त्या निकालाच्या पत्रापासून पुन्हा एका महिन्यात अपील करायचं. विश्वास बसत नसेल तर हातातलं निर्णयपत्र शेवटपर्यंत वाचा. पुढे काय करायचं हे त्यातच लिहिलेलं असतं.

सुनावणीत खरा मुद्दा आजाराचं नाव हा नसतोच. "स्वयंपाक येतो का?" याला आपण सवयीनं "हो" म्हणतो आणि तिथेच फसतो. नियम विचारतो: सुरक्षितपणे जमतो? ठीकठाक होतो? हवा तितक्या वेळा करता येतो? इतरांच्या दुपटीहून जास्त वेळ तर लागत नाही? भाजी चिरताना सुरी हातातून निसटत असेल, तर तेच सांगायचं. रोजच्या कामांतल्या अडचणींना गुण मिळतात: 8 झाले की साधा दर, 12 झाले की वाढीव.

एक मात्र खरं: थोडा भत्ता मिळत असेल तर ट्रिब्युनल तो कमीही करू शकतं. आणि तब्येत निर्णयाच्या दिवशी कशी होती तेच पाहिलं जातं. नंतर बिघडली असेल तर त्याची वाट वेगळी.