निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही एचआयव्ही कसा पसरला

पॉर्नचा विषय निघाला की आपल्याकडे एकतर कुजबुज होते नाहीतर संस्कारांवर लेक्चर. पण कॅमेऱ्यासमोर जे काम करतात ते शेवटी कामगारच आहेत, आणि कामावर असताना त्यांना जो आजार होतो तो कामाच्या जागेच्या सेफ्टीचाच प्रश्न आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. अमेरिकेत हा व्यवसाय बराचसा लॉस एंजेलिसच्या आसपास वाढला, म्हणून तिथलंच बोलू.

2004 साली एक कलाकार ब्राझीलमध्ये शूटिंग करून परतला. मार्चमध्ये टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून त्याने नेहमीसारखं काम सुरू केलं, एप्रिलमध्ये पुढची टेस्ट केली तर पॉझिटिव्ह! मधल्या काळात त्याच्यासोबत विनाकंडोम सीन केलेल्या 13 अभिनेत्रींपैकी 3 जणींना एचआयव्ही झाला. आणि इथे कोणी खोटं बोललेलं नव्हतं, सगळ्यांकडे निगेटिव्ह रिपोर्ट होते.

हे कसं झालं? व्हायरस शरीरात शिरल्या शिरल्या कुठल्याच टेस्टमध्ये दिसत नाही, याला विंडो पिरियड म्हणतात. रक्तात थेट व्हायरसचं जनुकीय मटेरियल शोधणारी न्याट टेस्ट साधारण 10 ते 33 दिवसांनी इन्फेक्शन पकडते, आणि नुसत्या अँटीबॉडी शोधणाऱ्या टेस्टला 23 ते 90 दिवस लागू शकतात. आता खरी अडचण अशी की याच सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं व्हायरसचं प्रमाण प्रचंड वाढतं, म्हणजे माणूस सगळ्यात जास्त इन्फेक्शन देऊ शकतो तो नेमका तेव्हाच, जेव्हा रिपोर्ट अजून निगेटिव्ह असू शकतो किंवा पुढच्या टेस्टची तारीखच आलेली नसते. (आपल्याकडे सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीची टेस्ट आणि सल्ला देणाऱ्या केंद्रात, फुकट टेस्ट होते तिथेही हेच लागू आहे, रिस्क नुकतीच घडली असेल तर काउन्सेलरला तारीख सांगा आणि पुन्हा कधी यायचं ते विचारा.)

पुढे 2013 मध्ये लॉस एंजेलिसच्या इंडस्ट्रीने दर 28 दिवसांची टेस्ट दर 14 दिवसांवर आणली. चांगलंच केलं, पण विंडो पिरियड त्याने संपत नाही.

आणि नुसता एचआयव्हीच कशाला? 2012 मध्ये 168 कलाकारांवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात 47 जणांना गनोरिया किंवा क्लॅमिडिया हे सेक्समधून पसरणारे आजार निघाले. त्यातले 11 जण नुसत्या लघवीच्या किंवा योनीच्या टेस्टमध्ये सुटले असते, कारण इन्फेक्शन घशात किंवा गुदद्वारात होतं आणि बहुतेकांना ना दुखणं ना काही लक्षण. घशाचा स्वॉब घ्यायला मिनिटभरही लागत नाही, तरी तो रुटीनमध्ये नव्हता याचं मला फार वाईट वाटतं.

मग कंडोम सक्तीचा का नाही? 2012 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मतदारांनी तो सक्तीचा केलाही, पण 2016 मध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियासाठीचा तसाच प्रस्ताव पडला, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत खुद्द कलाकारच मोठ्या संख्येने होते. त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं. तासन्‌तास चालणाऱ्या शूटिंगमध्ये कंडोमने घर्षण होऊन त्वचा सोलवटते असं ते सांगत होते, शिवाय त्या प्रस्तावात राज्यातला कोणीही रहिवासी कोर्टात जाऊ शकला असता आणि त्यातून कलाकारांची खरी नावं, पत्ते बाहेर पडण्याची भीती होती. ही भीती हवेतली नव्हती, 2011 मध्ये हजारो कलाकारांची खाजगी माहिती इंटरनेटवर टाकली गेली होती आणि ज्या क्लिनिकमध्ये त्यांच्या टेस्ट व्हायच्या ते त्याच वर्षी बंद पडलं.

आता प्रेप आहे, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, ते नीट घेतलं तर सेक्समधून एचआयव्ही होण्याची रिस्क सुमारे 99 टक्के कमी होते. गनोरिया, सिफिलिसवर मात्र त्याचा काही उपयोग नाही, म्हणजे कंडोम, घशापासून सगळीकडची तपासणी, हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लसी, हे सगळं सोबत लागतंच. आणि याचा खर्च प्रोड्युसरने करायला हवा. कलाकार फ्रीलान्सर म्हणून मोजले जातात, त्यामुळे टेस्टचे पैसे अनेकदा त्यांच्याच खिशातून जातात, आणि पॉझिटिव्ह आलं की कामही थांबतं, तेव्हा उपचार चालू असेपर्यंतच्या बुडालेल्या कमाईची भरपाईसुद्धा प्रोड्युसरनेच द्यायला हवी.