किर्शनर यांचे बर्लिन रस्त्याचे चित्र : १९३६ची विक्री आणि २००६चा निर्णय

जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनर १९११मध्ये ड्रेस्डेनहून बर्लिनला आले आणि १९१३ ते १९१५ या काळात त्यांनी तिथल्या रस्त्यांची चित्रमालिका रंगवली. त्यातल्या १९१३-१४च्या 'बर्लिनमधील रस्त्याचे दृश्य' या चित्रात (१२१ × ९५ सेंमी) पिसांच्या हॅट घातलेल्या दोन वेश्या गर्दीतून पुढे येतात. उजवीकडे सिगारेट ओढणारा पुरुष तोंड फिरवून उभा आहे. किर्शनर तैलरंगात बेंझीन आणि मेण मिसळत. त्यामुळे रंग लवकर वाळे, फटकारे सुटे दिसत आणि पृष्ठभागाला चकाकी येत नसे. अशा चित्रावर व्हार्निश चढवणे म्हणजे त्याचा कोरडेपणा मारणे.

वाद मात्र मालकीचा. चित्र जर्मनीतल्या एर्फुर्ट शहरातील एका ज्यू बूट-कारखानदाराकडे होते. तो १९३१मध्ये वारला, मुलगा १९३३मध्ये देश सोडून गेला. सुरक्षिततेसाठी स्वित्झर्लंडला पाठवलेले हे चित्र १९३६मध्ये जर्मनीत परतले आणि फ्रँकफुर्टच्या एका संग्राहकाने ते ३,००० मार्कांना घेतले. पुढे ते एका संग्रहालय-संचालकाकडे गेले; १९८०मध्ये बर्लिनने ते त्याच्या विधवेकडून विकत घेतले.

२००६च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या राज्य सरकारने ते कारखानदाराच्या नातीला परत केले. विरोधकांचे म्हणणे : धंदा नाझींच्या आधीच मंदीत बुडाला होता, चित्र परदेशात सुरक्षित होते आणि किंमत तेव्हाच्या बाजारभावाला धरून होती. हे मुद्दे हलके नाहीत. पण नाझींनी बळकावलेल्या कलाकृतींविषयीच्या १९९८च्या वॉशिंग्टन तत्त्वांना धरून निघालेल्या जर्मन मार्गदर्शिकेनुसार पुरावा आजच्या ताबेदाराने द्यायचा असतो. ३० जानेवारी १९३३ नंतर, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यानंतर, छळ झालेल्या माणसाने केलेली विक्री छळामुळेच झाली, असे गृहीत धरतात. ते खोडायचे तर किंमत रास्त होती आणि ती रक्कम विकणाऱ्याला मोकळेपणी वापरता आली, ही दोन्ही सिद्ध व्हावी लागतात. १५ सप्टेंबर १९३५ नंतरच्या, म्हणजे ज्यूविरोधी न्यूरेंबर्ग कायद्यांनंतरच्या, विक्रीला आणखी एक अट : नाझी राजवट नसती तरीही हा व्यवहार झालाच असता, किंवा विकणाऱ्याचे हित खास जपले गेले होते, हे दाखवावे लागते.

बर्लिन अडकले ते रक्कम हाती आल्याच्या अटीवर. ३,००० मार्क कुटुंबाच्या हाती पडल्याची पावतीच मिळाली नाही. शिवाय चित्रे परत आणण्यासाठी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, धमकावल्याचे कारखानदाराच्या विधवेने युद्धानंतर शपथेवर सांगितले होते. घाईघाईने देश सोडणाऱ्या कुटुंबाकडे कागद सापडणार तरी कुठून? म्हणूनच हा भार ताबेदारावर टाकणे न्याय्य आहे. चुकले ते वेगळेच : निर्णय बंद दाराआड झाला आणि कागदपत्रे वेळेवर लोकांसमोर आली नाहीत.

नोव्हेंबर २००६मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चित्र सुमारे ३ कोटी ८१ लाख डॉलरना गेले आणि निर्णयाबद्दलच्या संशयाला आणखी खतपाणी मिळाले. २००७मध्ये मार्गदर्शिका सुधारली गेली. २००८मध्ये बर्लिनमध्ये चित्रांच्या मालकीचा माग काढणारे खास कार्यालय सुरू झाले.