लिनक्स लॅपटॉपची झोप कुठे कुठे मोडते?

झाकण उघडलं तरी स्क्रीन काळीच. बॅगेतून काढावा तर लॅपटॉप तापलेला आणि बॅटरी संपलेली. झोपवला की दोन सेकंदांत पुन्हा जागा. आणि काहींच्या मेनूत हायबरनेटचा पर्यायच नाही. या सगळ्यांवर एकच कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होताना द्यायची सूचना) सुचवण्याची पद्धत आहे: mem_sleep_default=deep. खरं तर यातली प्रत्येक तक्रार वेगळ्या काळातल्या वेगळ्या निर्णयातून आलेली आहे.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम हे वीज-व्यवस्थापनाचं मानक आणलं. त्यात मशीन झोपवण्याचा कारभार मुख्यतः बायॉसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरकडे (फर्मवेअरकडे) होता. डिसेंबर १९९६ मध्ये याच दोघांनी तोशिबासोबत एसीपीआय हे त्याच्या जागी येणारं मानक मांडलं आणि निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. त्यात झोपेचे प्रकार ठरले: एस३ म्हणजे रॅमला वीज चालू, बाकी बहुतेक सगळं बंद. एस४ म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून वीजच बंद, अर्थात हायबरनेशन. मात्र मशीनचा तपशील उत्पादकाने फर्मवेअरच्या तक्त्यांत लिहायचा, त्यात चालवायचा कोडही असतो आणि तो कोड कर्नलने जसाच्या तसा चालवायचा. उत्पादक तो तपासत विंडोजवर. एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरतेच ठेवता येतील का, असं बिल गेट्स यांनी जानेवारी १९९९ च्या एका अंतर्गत ईमेलमध्ये विचारलं होतं, हे पुढे अमेरिकेतल्या आयोवातील खटल्यात उघड झालं. पण कारस्थान शोधायची गरज नाही, निष्काळजीपणा पुरेसा होता. आजही फर्मवेअरने ‘तू विंडोज का?’ असं विचारलं की लिनक्स ‘हो’ म्हणतो.

काळ्या स्क्रीनचं मूळ ग्राफिक्समध्ये. एस३ मधून उठताना बायॉस ग्राफिक्स कार्ड नव्याने सुरू करून देईलच असं नसतं, आणि कार्डाची खरी माहिती तेव्हा कर्नलकडे नव्हे, स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स सर्व्हर या प्रोग्रॅमकडे असे. म्हणून लॅपटॉपच्या मॉडेलनुसार तोडग्यांच्या लांबलचक याद्या ठेवाव्या लागत. मार्च २००९ च्या २.६.२९ कर्नलमध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ही जबाबदारी कर्नलने घेतली आणि ते दुखणं बरंच ओसरलं.

त्या काळातली एक युक्ती मला फार आवडते. मशीन उठताना अडकलं, स्क्रीन नाही, डिस्क अजून जागी नाही, मग कुठे अडकलं याची नोंद करायची कुठे? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये ती घड्याळात केली. रीबूट झालं तरी मदरबोर्डवरचं घड्याळ चालूच राहतं. म्हणून प्रत्येक टप्प्याची साधारण २४ बिटांची खूण तारीख-वेळ म्हणून त्यात लिहायची. अडकल्यावर तीनेक मिनिटांत रीबूट केलं, तर कर्नल ती विचित्र तारीख वाचून कोणत्या उपकरणाशी खूण जुळते ते सांगतो. घड्याळ अर्थातच बिघडतं, ते नंतर लावून घ्यायचं. पीएम-ट्रेस नावाची ही सोय आजही कर्नलमध्ये आहे.

हायबरनेशनची गोष्ट भाऊबंदकीची. गाबोर कुटी यांनी सुरू केलेलं आणि पावेल माखेक यांनी पुढे नेलेलं काम २००२ मध्ये कर्नलच्या २.५ मालिकेत आलं. पॅट्रिक मोशेल यांनी त्याचीच वेगळी शाखा काढली. नायजेल कनिंगहॅम यांचं सस्पेंड२, म्हणजे नंतरचं टक्सऑनआइस, वेगवान आणि लोकप्रिय होतं, पण मुख्य कर्नलमध्ये कधीच आलं नाही. तरी आज पर्याय दिसत नाही त्याचं कारण हे भांडण नव्हे. उबुंटू या लिनक्स वितरणाने (तयार संचाने) १२.०४ आवृत्तीत तो मूळ सेटिंगमध्येच बंद केला. फेडोरा ३३ या दुसऱ्या वितरणाने २०२० मध्ये स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची एरवी डिस्कवरची जागा, रॅममध्येच संकुचित करून ठेवायला सुरुवात केली, मग रॅममधल्या मजकुराची प्रतिमा लिहायला डिस्कवर जागाच उरली नाही. २०१९ च्या ५.४ कर्नलमध्ये लॉकडाउन, म्हणजे चालू कर्नलमध्ये फेरफार रोखणारी सोय, आलं. अनेक वितरणांत सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ते लागू होतं आणि हायबरनेशन नाकारतं, कारण डिस्कवरच्या प्रतिमेत कोणी फेरफार केला तर तो पकडता येत नाही. इथे काही बिघडलेलंच नसतं.

तापलेल्या बॅगेचा मामला सर्वांत नवा. विंडोज ८ ने २०१२ मध्ये फोनसारखी झोप आणली: मशीन बंद होत नाही, फक्त प्रोसेसर खोल विश्रांतीत जातो. लिनक्समध्ये तिचं भावंड एस२आयडल २०१३ च्या ३.९ कर्नलमध्ये आलं. मग उत्पादक एस३ काढूनच टाकू लागले. २०१८ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये सुरुवातीला एस३ नव्हतं, ओरड झाल्यावर लेनोव्होने बायॉस अपडेटमधून ‘लिनक्स’ नावाचा झोपेचा पर्याय दिला. बाकीच्यांचं नशीब इतकं बलवत्तर नव्हतं.

४.१० पासून कर्नलच्या मेम-स्लीप फाइलमध्ये उपलब्ध प्रकार दिसतात. तिथे ‘डीप’, म्हणजे एस३, नसेल, तर सुरुवातीचा तो पॅरामीटर कितीही वेळा लिहिला तरी एस३ येणार नाही. तेव्हा शोधायचं ते प्रोसेसरला जागं ठेवणारं उपकरण, बऱ्याचदा एसएसडी किंवा एखादा ड्रायव्हर. इंटेलच्या मशीनवर त्यासाठी खोल विश्रांतीचा काळ मोजणारा काउंटर कर्नलच्या डीबग फाइल्समध्ये असतो. झोपेआधीचा आणि नंतरचा आकडा तोच असेल, तर लॅपटॉप रात्रभर खोल झोपेत गेलाच नव्हता. आणि जो लगेच जागा होतो, त्याच्यासाठी एसीपीआयच्या वेकअप तक्त्यात (मशीनला कोण जागं करू शकतं याच्या यादीत) आधी यूएसबी कंट्रोलरची ओळ पाहावी.