अविंधाच्या हृदयातला गोविंद

श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद महाराज यांच्या स्थानाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावर अलीकडे वाद झाला. ऐकून वाईट वाटले. या वादाची पार्श्वभूमी समजून घ्यायची तर आधी दौलताबादला जायला हवे.

सोळाव्या शतकात दौलताबादचा किल्ला निजामशाहीत होता आणि जनार्दनस्वामी तिथले किल्लेदार होते. त्यांचे गुरू चांद बोधले. परंपरा त्यांना कादरी या सूफी पंथातले मानते. याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य शेख महंमद, आणि जनार्दनस्वामींचे शिष्य पैठणचे एकनाथ (1533–1599). म्हणजे शेख महंमद नाथांचे गुरुकाका लागतात. भक्ती आणि सूफी हे दोन वेगळे प्रवाह होते आणि पुढे कुठेतरी त्यांचा संगम झाला, असे आपण सहज म्हणून जातो. इथे तर झराच एक आहे.

नाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे आधी एकमेकांना यथेच्छ शिव्या घालतात. हिंदू मराठीत बोलतो, तुर्क म्हणजे मुसलमान दखनी उर्दूत. एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढून झाल्यावर शेवटी दोघे गळाभेट घेतात. मला या रचनेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की नाथांनी भांडण झाकले नाही.

शेख महंमदांना शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी श्रीगोंद्याला आणले आणि मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. तिथे त्यांनी ‘योगसंग्राम’, ‘पवनविजय’, ‘निष्कलंकप्रबोध’ हे ग्रंथ मराठीत रचले. ‘योगसंग्राम’ 1645 मध्ये पूर्ण झाला. काम-क्रोधांशी साधकाने मांडलेले युद्ध हा त्याचा विषय. वारकरी त्यांना कबीराचा अवतार म्हणू लागले.

त्यांचा एक अभंग मात्र पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. केतकीचे झाड काटेरी, पण आत केवडा जन्मतो. फणसाला बाहेरून काटे, आत गोडवा. नारळ वरून कठीण, पोटात पाणी. असे दाखले देत ते स्वतःपाशी येतात :

शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद ॥

अविंध म्हणजे ज्याचे कान विंधलेले, टोचलेले नाहीत तो. मुसलमानाला तेव्हा हा शब्द वापरत, आणि त्यात हेटाळणीही असे. शेख महंमदांनी तो लपवला नाही की बदलला नाही. स्वतःच्या नावाला जोडून घेतला आणि पुढच्याच चरणात गोविंद आणला. या ओळीसाठी त्यांना धर्म सोडावा लागला नव्हता.

‘योगसंग्रामा’त ते सांगतात की मुसलमान ज्याला सच्चा पीर म्हणतात त्यालाच मराठे, म्हणजे इथले हिंदू, सद्गुरू म्हणतात, दोहोंत भिन्नपण नाही. मराठीत चाललेली ती ओवी शेवटच्या चरणात एकदम दखनीत शिरते आणि म्हणते, भाई, डोळे उघडून बघ.