शेपटीतला गनर आणि नाकातला नॅव्हिगेटर

८ ऑक्टोबरला वायुसेना दिन आला की ठाण्यात कोलशेत आणि येऊरच्या वायुसेना केंद्रांचा विषय निघतो. गप्पा रंगतात त्या मिग आणि सुखोईच्या. बॉम्बफेकी विमानातली माणसं त्यात सहसा नसतात. खरं तर दुसरं महायुद्ध ठाणे जिल्ह्याला अगदीच परकं नाही. नेवाळीची धावपट्टी त्याच काळातली, आणि तिच्या जमिनीसाठी शेतकरी २०१७ मध्येही रस्त्यावर उतरले होते.

त्या युद्धात ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बर कमांड या बॉम्बफेकी विभागातून सुमारे सव्वा लाख जण उडाले. त्यातले ५५,५७३ परतले नाहीत. सगळे स्वखुशीने आलेले.

तिथल्या लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानात सात जण असत. शेपटीतल्या गनरची जागा सगळ्यांत वाईट. टरेट, म्हणजे बंदुकांची फिरती कोठडी, इतका अरुंद की पॅराशूट बाहेर, पाठीमागे ठेवावं लागे. टरेट सरळ रेषेत आला तरच विमानाच्या आत यायचं दार उघडे, आणि तो फिरे हायड्रॉलिक दाबावर. १२-१३ जून १९४४ च्या रात्री फ्रान्सवर एका लँकेस्टरने पेट घेतला, दाब गेला आणि गनर पॅट ब्रॉफी शेपटीत अडकला. त्याचा सहकारी अँड्र्यू मिनार्स्की उडी मारायच्या बेतात होता. तो आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने टरेट हलेना. कपडे पेटल्यावर ब्रॉफीनेच त्याला जायला सांगितलं. सलाम ठोकून त्याने उडी घेतली, पण भाजल्यामुळे तो वाचला नाही. विमान कोसळलं आणि ब्रॉफी मात्र जिवंत राहिला!

बॉम्बर कमांडमध्ये आकडेमोड करणाऱ्या फ्रीमन डायसन यांना दिसलं, की पाडलेल्या हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बफेकी विमानातून सुमारे २५ टक्के माणसं सुटतात, लँकेस्टरमधून १५. लँकेस्टरचं सुटकेचं दार दोन इंचांनी अरुंद होतं. शौर्यकथांत हे इंच येत नाहीत. त्या विमानांखाली हॅम्बर्गसारखी शहरं जळाली, हेही ओघाने येतंच. बॉम्बर कमांडचं लंडनमधलं स्मारक थेट २०१२ साली उभं राहिलं, त्यामागे तो अवघडलेपणा होता.

आपल्याकडच्या कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानातही सुटकेचा हा प्रश्न होताच. वायुसेनेच्या बी(आय)५८ प्रकारात दोघे असत. वैमानिकाला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात बाहेर फेकणारी खुर्ची, होती; वाट दाखवणाऱ्या नॅव्हिगेटरला नव्हती. बॉम्ब टाकताना तो नाकात पालथा पडलेला. सुटायचं तर उठून बाजूच्या दारापर्यंत यायचं. विमान कमी उंचीवरून उडत असेल तर तेवढा वेळ मिळणार कुठून? १९६५ आणि १९७१ मध्ये रात्रीचे हल्ले झाले ते असे. पद्मनाभ गौतम यांना दोन्ही युद्धांत महावीर चक्र मिळालं. अशा वैमानिकांसोबत नाकात बसलेल्यांची नावं शोधायला आजही पदकांच्या याद्या चाळाव्या लागतात.